उघड्यावरचा उजेड आणि माणसाचा देह



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि काहींनी मुलांना घरी ठेवून यावे की काय असाही विचार केला असेल. विषय आहे उघड्यावर, म्हणजे चार भिंतींच्या बाहेर, माणसाच्या देहाचे छायाचित्र काढताना उजेडाची योजना कशी करावी हा. त्यात ज्याला हल्ली सर्रास ग्लॅमर फोटोग्राफी म्हणतात ती आली, आणि विवस्त्र देहाचे चित्रणही आले. हा विषय आम्ही मुद्दाम मालवणच्या किनाऱ्यावर बोलायला घेतला आहे. तारकर्लीला, देवबागला, भोगव्याला आज लग्न ठरलेली जोडपी हौसेने छायाचित्रे काढून घ्यायला येतात, जाहिरातवाल्यांची पथके येतात, आणि प्रत्येकाच्या खिशात तर कॅमेरा आहेच. तेव्हा या कलेचे कायदे काय आणि तिची मर्यादा कोणती, हा प्रश्न छायाचित्रकारांइतकाच गावाचाही झाला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. देहाच्या चित्रात सभ्यता आहे की असभ्यता, याचा निकाल अंगावर कापड किती आहे यापेक्षा अंगावर उजेड कसा आहे यावर अधिक लागतो. आणि उजेड कसा पाडायचा हे जो ठरवतो, त्याच्या हातात समोर उभ्या असलेल्या माणसाची अब्रू असते. बाकीचे सारे व्याख्यान या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहा. कोवळे ऊन, टळटळीत ऊन, कलते ऊन, तिरीप, कवडसा, मळभ, तिन्हीसांजा, झुंजूमुंजू! उजेडाचे इतके प्रकार ज्या भाषेने नावे देऊन वेगळे ठेवले, त्या भाषेच्या माणसाला प्रकाशमापक यंत्राची फारशी भीती वाटण्याचे कारण नाही. कोवळे ऊन अंगावर घ्यावे आणि टळटळीत ऊन चुकवावे हे आपल्या आजीला ठाऊक होते. छायाचित्रकाराला जास्तीचे एवढेच शिकायचे असते, की कोवळे ऊन कोवळे का आणि टळटळीत ऊन क्रूर का.

त्याचे कारण भूमितीचे आहे. आकाशात सूर्याचे बिंब अवघे अर्धा अंश रुंद दिसते. एवढ्याशा बिंबातून येणारा उजेड सावलीची कड सुरीसारखी कापतो. त्यात तो डोक्यावरून आला, की कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा पडतो, डोळ्यांच्या खोबणींत काळोख साठतो, आणि देखण्या माणसाची कवटी दिसू लागते. मालवण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सोळा अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, सूर्य मध्यान्ही बरोबर आपल्या माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाला सावली उरत नाही. मे महिन्यात हा क्षण घड्याळात साडेबाराच्या सुमारास येतो. पर्यटकांची दाटी याच दिवसांत, आणि छायाचित्रांचा घात याच वेळी! उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो आणि दिवसभर दक्षिणेकडून उजेड देतो. म्हणून आम्ही सांगतो, की घाई नसेल तर थंडीत या.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याच्या तोंडाची. आपला समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला. सकाळी समुद्राकडे कॅमेरा रोखला, की सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असतो. पाणी निळे येते, रंग स्वच्छ येतात, पण समोरचा उजेड देहाला सपाट करतो. पोळपाटावर लाटलेल्या पोळीसारखा! संध्याकाळी त्याच जागी उभे राहिलो तर सूर्य माणसाच्या मागे जातो, केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड येते आणि चेहरा अंधारात राहतो. ज्याला दोन्ही वेळा पाठीमागचा उजेड हवा असेल त्याने देवबागला जावे. तिथे जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, पूर्वेला कर्ली नदी आणि पश्चिमेला समुद्र. सकाळी नदीवर सूर्य उगवतो, संध्याकाळी सागरात बुडतो. निसर्गाने एवढी सोय करून दिलेला स्टुडिओ आमच्या तरी माहितीत दुसरा नाही.

मात्र इथला सूर्य थांबत नाही. इंग्रजी पुस्तकांत सोनेरी तासाचे मोठे कौतुक असते. लंडनच्या अक्षांशावर सूर्य तिरका उतरतो, म्हणून त्याला क्षितिजावरच्या शेवटच्या दहा अंशांना तासाभराहून अधिक वेळ लागतो. आपल्याकडे तो जवळजवळ उभा खाली येतो. तेच दहा अंश चाळीस-बेचाळीस मिनिटांत संपतात, आणि सूर्य बुडाल्यावरचा कामापुरता संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या थोडा आधी होतो, म्हणजे सव्वासहाला सगळी तयारी झालेली हवी. ज्याने कपडे, केस आणि गप्पा यांत पाऊण तास घालवला, त्याने सूर्याशी भांडू नये.

आता उजेड देहावर काय करतो ते पाहू. आपल्यापैकी जे नृसिंहवाडीला जातात त्यांनी पुढे खिद्रापूरपर्यंत जावे. तिथले कोपेश्वराचे मंदिर बाराव्या शतकातले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी शेकडो वर्षे उघड्यावर उभ्या आहेत. भर दुपारी पाहाल तर दगड आणि दगडच. पण उन्हे कलल्यावर त्याच मूर्तीकडे पाहा. कंबरेचा बाक, मांडीची गोलाई, गळ्यातल्या हाराचा एकेक मणी वर उठून येतो. आकार दिसतो तो उजेडामुळे नव्हे. उजेड जिथे संपतो आणि सावली जिथे सुरू होते त्या सीमेमुळे दिसतो. आणि तिथे उभ्या असलेल्या कुणाही माणसाच्या मनात त्या अल्पवस्त्र मूर्तींविषयी किळस येत नाही. तिरप्या उजेडात नजर देहावर थांबत नाही, आकारावर फिरते.

हेच तत्त्व कॅमेऱ्याने पुढे नेले. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातील ओशियानोच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅरिस विल्सन यांची विवस्त्र छायाचित्रे काढली. दिवा नाही, पडदा नाही. वाळू आणि ऊन एवढेच साहित्य. फिकट वाळूवर देहाची सावली पडते आणि देहही एक टेकडी असल्यासारखा भासतो. फ्रान्समध्ये ल्यूसियँ क्लेर्ग यांनी १९५० नंतरच्या दशकात समुद्राच्या लाटांत देह चित्रित केले. त्यांत चेहरा बहुधा नाहीच. पाण्याचा फेस आणि ओल्या त्वचेवरची चमक एवढ्यावर चित्र उभे आहे. या दोघांपाशी नव्हता असा समुद्र आपल्यापाशी आहे, पण त्यांच्यापाशी होता तो संयम आपल्याला मिळवावा लागेल.

आता प्रत्यक्ष युक्त्या सांगतो. नवख्या मंडळींनी या वहीत टिपून घ्याव्यात.

पहिली युक्ती, दुपारी सावलीची कड शोधा. माडाच्या झावळ्यांखाली उभे करू नका. तिथे कवडसे पडून अंगाचा चित्ता होतो, आणि हिरव्या पानांतून गाळलेला उजेड त्वचेला हिरवट झाक देतो. घराच्या पडवीत, होडीच्या सावलीत, दाट आमराईच्या कडेला, आतून बाहेर तोंड करून माणसाला उभे करा. मोकळे आकाश मग मोठ्या दिव्यासारखे काम करते. सावलीतल्या या उजेडात निळा रंग अधिक असतो, तेवढा रंगसमतोल कॅमेऱ्यात सुधारून घ्यावा.

दुसरी युक्ती, सावली जवळ नसेल तर ती बरोबर न्या. बांबूची चौकट करून तिच्यावर पांढरे मलमल ताणा आणि ती माणसाच्या डोक्यावर, चित्रात दिसणार नाही इतकी पण जितकी जवळ आणता येईल तितकी जवळ धरा. आता उजेड देणारा सूर्य नव्हे, ते कापड झाले. उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ, हा नियम एकदा मनात ठसला की निम्मी विद्या आली. मलमलीमुळे उजेड एक-दोन स्टॉपने उतरतो, तेवढे भिंग उघडावे.

तिसरी युक्ती परतीच्या उजेडाची. तारकर्लीची फिकट वाळू स्वतःच एक मोठा रिफ्लेक्टर आहे. ती खालून उजेड फेकून डोळ्यांच्या खोबणी उजळते. ओली वाळू गडद असते, तिच्यावर हे होत नाही. पण खालून येणारा उजेड वरच्यापेक्षा बळावता कामा नये. मुले हनुवटीखाली बॅटरी धरून एकमेकांना भिववतात, तोच प्रकार होतो. थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा धुतलेले धोतर छातीच्या उंचीवर बाजूने धरावे. चंदेरी कागदाचा झोत डोळ्यांत मारून समोरच्याला रडवू नये. आणि आपला जांभा विसरू नका! चिरेखाणीच्या तांबड्या भिंतीवरून परतणारे ऊन त्वचेला जी ऊब देते ती कुठल्याही यंत्राला देता येणार नाही. खाण खासगी असते, तेव्हा मालकाची परवानगी घ्यावी हे वेगळे सांगायला नको.

चौथी, संध्याकाळच्या पाठीमागच्या उजेडाची. चेहरा अंधारात राहतो म्हणून लोक फ्लॅश मारतात आणि चेहरा चुन्याने रंगवल्यासारखा होतो. फ्लॅश आकाशाच्या उजेडापेक्षा एक-दोन स्टॉप कमी ठेवावा आणि तो कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, मलमलीआडून वापरावा. सूर्य इतका दूर आहे की माणूस चार पावले पुढे सरकला तरी उन्हात फरक पडत नाही. फ्लॅशचे तसे नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई राहतो. म्हणून फ्लॅश धरणाऱ्याने जागा सोडू नये.

पाचवी युक्ती पावसाळ्याची. मृगानंतर लोक कॅमेरे पेटीत ठेवतात. आम्ही म्हणतो, मळभ हा गरिबाचा सर्वांत मोठा दिवा आहे. सारे आकाश एक पडदा होते, सावल्या विरघळतात, आणि धुतलेल्या सड्यावर काळा दगड व कोवळे गवत यांच्यापुढे माणसाची त्वचा विलक्षण सजीव दिसते. आकार मात्र थोडा सपाट होतो. त्यावर उपाय म्हणजे एका अंगाला काळे घोंगडे धरावे. उजेड वाढवता येतो तसा तो काढूनही घेता येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सहावी गोष्ट युक्तीपेक्षा मोठी आहे. ती आपल्या वर्णाची. भर उन्हात, संवेदनक्षमता १०० असताना, भिंग एफ १६ वर आणि वेग सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना नियम जगभर चालतो. पण कॅमेऱ्याचे मापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. पांढरी वाळू आणि चमकता समुद्र दिसला की ते उजेड कमी करते, आणि आपली सावळी मुलगी चित्रात काळीठिक्कर येते. मग छायाचित्रकार संगणकावर तिला गोरी करून देतो आणि दोघांनाही वाटते की दोष रंगाचा होता! दोष मापाचा होता. चेहऱ्याजवळ जाऊन माप घ्यावे, म्हणजे सावळा रंग सावळाच आणि सुंदर येतो. रंगीत फिल्मच्या काळात तर कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-चित्रे देई, त्यांत वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रियाच असत. सगळ्या जगाच्या त्वचेचे माप त्यांच्यावरून ठरे. गडद त्वचा उजेड शोषते खरी, पण ती तो आरशासारखा परतवतेही. तेव्हा तिच्यावर झोत न टाकता मोठा मऊ उजेड बाजूला उभा करावा आणि त्याचे प्रतिबिंब खांद्यावर, गालावर, पाठीवर झळकू द्यावे. खोबरेल तेलाचे बोट किंवा समुद्राचे पाणी एवढे प्रसाधन पुरे होते.

इथवर उजेड कसा पाडावा ते सांगितले. आता तो कुठे पाडू नये ते सांगतो. आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. चित्रात एकच ज्योत, तिच्यापुढे आडवा धरलेला एक तळहात, बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड, आणि बाकी सगळा अंधार. ती स्त्री नखशिखान्त वस्त्रांत आहे. पण आमच्या विषयाचा खरा धडा तिथे आहे. तिचा तळहात ज्योत झाकतो म्हणूनच चेहरा उजळतो. देहाच्या चित्रात सावली हे वस्त्रच असते. ते किती पांघरायचे आणि कुठून काढायचे, हे छायाचित्रकाराने वाटेल तसे ठरवायचे नसते. समोरच्या व्यक्तीच्या संमतीने ठरवायचे असते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले, त्याच्या मुखपृष्ठांवर विवस्त्र स्त्रीदेहाची चित्रे असत. त्यांच्या लेखनावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी दंड व्हायचा तो झालाच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या वर्गात विद्यार्थी विवस्त्र देह पाहून रेखाटन शिकू लागले. पुढे १९९५ साली प्रबुद्ध दासगुप्ता यांनी एका बुटांच्या जाहिरातीसाठी मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांचे छायाचित्र काढले. अंगावर बूट आणि अजगर एवढेच. त्यावरचा खटला चौदा वर्षे चालून २००९ मध्ये सारे निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात सांगितले की, चित्र नग्न आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. ते संपूर्ण पाहून, समाजाच्या आजच्या मापाने तोलले पाहिजे. त्या खटल्यातले छायाचित्र टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांचे होते, ते वधूच्या वडिलांनी काढलेले होते, आणि वर्णद्वेषाविरुद्ध दोघांना काही सांगायचे होते. हेतू पाहा आणि मग चित्र पाहा, असाच त्याचा अर्थ.

पण न्यायालयाने चित्राला मोकळीक दिली म्हणजे किनारा मोकळा झाला असे नव्हे. सार्वजनिक जागी अश्लील वर्तन हा गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. शेजारच्या गोव्यात नोव्हेंबर २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या एका विवस्त्र छायाचित्रावरून आणि काणकोणच्या चापोली धरणावरच्या चित्रणावरून गुन्हे नोंदवले गेलेच. ज्या वाळूवर सकाळी रापण ओढली जाते, जिथून बायाबापड्या मासळीच्या पाट्या घेऊन जातात, ती वाळू त्यांची आहे. तिथे त्यांना मान खाली घालायला लावणारी कला आम्हांला मान्य नाही. असे काम स्वतःच्या किंवा परवानगीच्या कुंपणाआडच्या बागायतीत करावे.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा मुद्दा माणसाचा. रवी जाधव यांच्या २०१८ च्या 'न्यूड' चित्रपटातली आई कलाशाळेत मॉडेल म्हणून उभी राहते, ती मुलाच्या शिक्षणासाठी. आणि तिची सारी धास्ती ही की मुलाला हे कळले तर काय. हाच चित्रपट २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून वगळला गेला होता. कॅमेऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या मनात ती धास्ती थोडीफार असतेच. शिसपेन्सिलीचे चित्र एकाच कागदावर राहते. आजचे छायाचित्र एका बोटाच्या टिचकीने गावभर होते आणि मग परत बोलावता येत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा: समोरची व्यक्ती सज्ञान असावी, अठरा वर्षांच्या आतले कुणीही कदापि नाही. कोणते चित्र, कशासाठी आणि कुठे दिसणार, हे आधी कागदावर लिहावे. तिच्या विश्वासाचे एक माणूस तिथे हजर असावे. अंगावर घ्यायची चादर हाताशी असावी, आणि उजेडाची मांडणी पुरी होईपर्यंत ती अंगावरच राहावी. माप घेण्यासाठी कुणालाही उघडे उभे करण्याची गरज नसते, त्याला मदतनिसाचा हात पुरतो. तिने 'पुरे' म्हटले की सूर्य कितीही सुंदर दिसत असला तरी कॅमेरा खाली. काढलेली चित्रे तिला तिथेच दाखवावीत, आणि नको असेल ते तिच्यादेखत पुसावे.

या शेवटच्या गोष्टींना कुणी शिष्टाचार म्हणेल. आम्ही त्यांना तंत्राचा भाग मानतो. संकोचलेले अंग आखडते, खांदे वर येतात, आणि मग देवबागची सोनेरी सांजवेळसुद्धा त्या चित्राला वाचवू शकत नाही. निर्धास्त माणसाच्या अंगावर साधे मळभही शोभून दिसते. गावातल्या तरुण छायाचित्रकारांनी मलमल, बांबू आणि थर्माकोल यांवर शेपाचशे रुपये जरूर खर्चावेत. त्याआधी समोरच्याचा विश्वास मिळवावा. आणि आपण श्रोत्यांनी, पुढच्या वेळी असे एखादे चित्र समोर आले, की कापड मोजण्याआधी उजेड पाहावा: तो कुठून आला आहे, त्याने काय झाकले आहे, आणि चित्रातले माणूस त्या उजेडात आपणहून उभे आहे की उभे केले गेले आहे. याचे उत्तर बहुतेक वेळा चित्रातच दिसते.